मजुरीचें देणें

परभणी जिल्ह्याच्या इतिहासांत थकलेल्या पगाराचा सर्वांत मोठा दावा कोणता, असें कोणी विचारलें, तर उत्तरादाखल हिंगोलीच्या छावणीकडे बोट दाखवावें लागेल. हिंगोली १ मे १९९९ पासून स्वतंत्र जिल्ह्याचें ठाणें झाली. तोंपर्यंत ती परभणीचाच एक भाग होती. तेथें राहणाऱ्या पलटणींच्या पगाराचा तंटा कोणत्याही न्यायासनासमोर चालला नाहीं. त्यांत साक्षीदार तपासले गेले नाहींत, कीं हुकूमनामा निघाला नाहीं. परंतु त्याच्या वसुलींत एक सबंध प्रांत गेला.

हैदराबाद कंटिंजंट म्हणून जें सैन्य प्रसिद्ध आहे, तें निजामाच्या खर्चानें ठेवलेलें व इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतींत असलेलें सैन्य होय. हेन्री रसेल हा १८११ ते १८२० पर्यंत हैदराबादेस रेसिडेंट होता. त्याच्या कारकीर्दींत या सैन्याची घडी बसली. पगार वेळेवर पोंचला पाहिजे हा इंग्रजांचा आग्रह, आणि निजामाची तिजोरी तर नेहमीं रिकामी. तेव्हां चंदुलालाच्या कारभारांत विल्यम पामर आणि कंपनी ही पेढी पुढें आली. पेढीनें पलटणींचा पगार आगाऊ द्यावा आणि तो शेंकडा २४-२५ व्याजासह महसुलांतून वळता करून घ्यावा, अशी व्यवस्था झाली. रेसिडेंट मेटकाफ यानें ती मोडून काढली व पेढी बुडाली. परंतु देणें बुडालें नाहीं. पुढें इंग्रज सरकार स्वतःच पगाराच्या रकमा देऊं लागलें व त्या निजामाच्या नांवें लिहूं लागलें. अखेर २१ मे १८५३ च्या तहानें वऱ्हाड, धाराशिवकडील मुलूख व रायचूर दुआब हे प्रदेश सैन्याच्या खर्चापायीं इंग्रजांच्या हवालीं करावे लागले. १८६० सालीं धाराशिव व रायचूर परत मिळाले आणि ५० लक्षांचें कर्ज माफ झालें. वऱ्हाड मात्र परत आलें नाहीं. १९०२ सालीं कर्झनच्या वेळीं तें सालीना २५ लक्ष रुपयांवर कायमच्या पट्ट्यानें इंग्रजांकडे गेलें.

या प्रकरणांत राजनीति किती व न्याय किती, हा प्रश्न वेगळा. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीनें त्यांतून एवढेंच ध्यानांत घ्यावयाचें कीं, शिपायाचा पगार वसूल झाला याला तीन कारणें होतीं. एक, देणें किती याचा लेखी हिशेब होता. दुसरें, मागणाऱ्याच्या पाठीशीं सत्ता होती. तिसरें, वसुलीसाठीं हात घालावयास ठिकाण होतें. त्याच छावणीच्या घोड्यांसाठीं ज्यांनीं गवत कापलें, तिच्या भिंती ज्यांनीं बांधल्या, त्यांचा एखादा आठवडा बुडाला असेल तर त्यासाठीं तह होण्याचें कांहींच कारण नव्हतें. त्यांच्यापाशीं या तिहींपैकीं एकही गोष्ट नव्हती. मजुरी वसूल करण्याच्या कायद्याचा सारा इतिहास म्हणजे या तीन गोष्टी दुर्बळ मनुष्याच्या हातीं हळूहळू कशा आल्या, व कोठें अद्याप आल्या नाहींत, याचा इतिहास होय.

न्यायालयें नव्हतीं तेव्हां आपल्याकडे दुसरा एक उपाय होता, तो धरण्याचा. ज्याचें येणें असेल त्यानें देणेकऱ्याच्या दारीं अन्नपाण्यावांचून बसावें आणि देणेकऱ्यालाही जेवूं देऊं नये, हा तो उपाय. मराठी फौजांत पगार थकला म्हणजे शिपाई आपल्या सरदारालाच असें कोंडून धरीत. १८०९ सालीं दौलतराव शिंद्यांच्या छावणींत असलेल्या ब्रौटन नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यानें आपल्या पत्रांत या प्रकाराचें वर्णन केलेलें आहे. धरण्याचें बळ लोकलज्जा व पापभय यांत होतें. म्हणून जो देणेकरी लाजेल किंवा भिईल त्याच्यापुरतेंच तें चाले. १८६० च्या भारतीय दंडसंहितेनें दैवी कोपाची भीति घालण्यासाठीं दारीं धरणें धरून बसणें हा गुन्हा ठरविला. सुव्यवस्थेच्या दृष्टीनें तें योग्यच झालें. परंतु जुनें हत्यार काढून घेतल्यावर नवें कोणतें दिलें, हें पाहूं लागलें म्हणजे चित्र उत्साहजनक दिसत नाहीं.

नव्या राज्यांत मालक व मजूर यांचा संबंध कराराचा झाला. करार मोडला तर दोघांनाही सारखीच शिक्षा असेल असें कोणी समजेल, तसें नव्हतें. १८५९ च्या तेराव्या कायद्याप्रमाणें ज्या कारागिरानें किंवा मजुरानें आगाऊ पैसे घेऊन काम सोडलें, त्याला मॅजिस्ट्रेटनें काम करावयास किंवा पैसे परत करावयास भाग पाडावें, आणि तें न केल्यास तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरीच्या तुरुंगांत पाठवावें, असें ठरलें. मजुराचा करारभंग हा फौजदारीचा विषय झाला. मालकानें मजुरी बुडविली तर मात्र ती दिवाणी बाब राहिली. हा कायदा १९२५ सालीं रद्द होईपर्यंत सहासष्ट वर्षें चालला.

त्याच १८५९ सालीं आपल्या सह्याद्रींत एक प्रसंग घडला. खंडाळा व कर्जत यांच्या दरम्यान बोरघाटांत लोहमार्गाचें काम चाललें होतें व हजारों मजूर तेथें राबत होते. कंत्राटदार, त्याच्या हाताखालचे लहान कंत्राटदार, त्यांच्या हाताखालचे मुकादम, अशा पायऱ्यांनीं पैसा खालीं उतरे, आणि प्रत्येक पायरीवर कांहीं अडे, कांहीं गळे. जानेवारी महिन्यांत मजुरीच्याच कारणावरून मजुरांनीं युरोपियन अधिकाऱ्यांवर हल्ला केला व मोठा दंगा झाला. त्यानंतर १८६० चा नववा कायदा झाला. लोहमार्ग व तत्सम सार्वजनिक कामांवरील मजुरीचे तंटे मॅजिस्ट्रेटनें झटपट निकालांत काढावे, हा त्याचा हेतु होता. मजुरीसाठीं दिवाणी दाव्याचा लांबचा फेरा उपयोगी नाहीं, ही गोष्ट येथें सरकारनें प्रथम मान्य केली. मात्र ती बोरघाटांत दगड उडाल्यानंतर मान्य केली.

दिवाणी दाव्याचा फेरा किती लांबचा होता याची साक्ष १९०८ च्या मुदतीच्या कायद्यांत सांपडते. इतर सामान्य वेतनाच्या दाव्यास त्या कायद्यानें तीन वर्षांची मुदत दिली होती; परंतु घरगडी, कारागीर व मजूर यांच्या मजुरीस अवघें एक वर्ष दिलें होतें. ज्याला वाचतां येत नाहीं, ज्याच्यापाशीं स्टँपाला पैसा नाहीं, आणि ज्याला उद्यांचें काम त्याच मालकाकडे मागावयाचें आहे, त्याची मुदत सर्वांत लहान! सावकाराचें त्याच मजुराकडील येणें तीन वर्षें जिवंत राही. मजुराचें मालकाकडील येणें वर्षाच्या आंत मरून जाई.

मुंबईच्या गिरण्यांत हा प्रश्न वेगळ्या रूपानें पुढें आला. तेथें पगार अगदीं बुडे असें नाहीं, पण तो उशिरां मिळे व दंडानें कापला जाई. १८८४ सालीं नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानें साडेपांच हजार गिरणी कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार झाला. त्यांत रविवारच्या सुटीबरोबरच आणखी एक मागणी होती: महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आंत मिळावा. पगारदार वाचकांस ही मागणी किती लहान वाटेल! परंतु दीड महिना उधारीवर काढणें म्हणजे वाण्याला व पठाणाला दीड महिन्याचें व्याज देणें होय. मालकाच्या हातीं राहिलेला मजुराचा पैसा हें बिनव्याजी कर्जच असतें; तें देणारा मात्र सर्वांत गरीब.

या अर्जांतील मागणी कायद्यांत उतरावयास बावन्न वर्षें लागलीं. १९२९ सालीं नेमलेल्या व्हिटले कमिशनवर नारायण मल्हार जोशी हे एक सभासद होते. कमिशनचा अहवाल १९३१ सालीं प्रसिद्ध झाला आणि १९३६ सालीं वेतन देण्याबाबतचा कायदा झाला. त्याचा अंमल २८ मार्च १९३७ पासून सुरू झाला. वेतनाची मुदत एका महिन्याहून अधिक नसावी. हजारांहून कमी माणसें असतील तेथें सातव्या दिवसापूर्वीं व इतरत्र दहाव्या दिवसापूर्वीं पैसे द्यावे. दंड रुपयामागें अर्ध्या आण्याहून अधिक नसावा. आणि कायद्यांत सांगितलेल्या कारणांखेरीज कांहींही कापूं नये, असें त्यांत स्पष्ट झालें. वसुलीसाठीं स्वतंत्र अधिकारी नेमला. त्याच्याकडे सहा महिन्यांच्या आंत अर्ज करावा, तो अर्ज मजुरानें, वकिलानें, नोंदलेल्या संघाच्या अधिकाऱ्यानें किंवा सरकारी निरीक्षकानें करावा, अनेकांनीं मिळून एकच अर्ज करावा, हें सर्व त्यांत होतें. कापलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत भरपाई देवविण्याचा अधिकारही त्याला होता. हिंगोलीच्या शिपायाच्या पाठीशीं कंपनी सरकार होतें. गिरणींतील मजुराच्या पाठीशीं आतां निदान त्याचा संघ उभा राहूं शकत होता.

पण हें सारें खालसा मुलखांत. परभणी निजामाच्या राज्यांत होती. योगायोग असा कीं, त्याच १९३६ सालीं हैदराबाद संस्थानांतही मजुरीसंबंधीं एक कायदा झाला. मुख्यतः तेलंगणांत रूढ असलेल्या भगेला पद्धतीच्या करारांवर निर्बंध घालणारा तो कायदा होता. भगेला म्हणजे कर्जापोटीं बांधला गेलेला शेतगडी. एकाच वर्षींच्या या दोन कायद्यांतील अंतर पाहण्यासारखें आहे. मुंबईकडचा कायदा मजुराला धनको समजून त्याचें येणें त्याला मिळवून देऊं पाहत होता. हैदराबादचा कायदा मजूर हा ऋणकोच आहे असें धरून त्याच्या गळ्यांतील दोर थोडा सैल करूं पाहत होता.

मराठवाड्यांत भगेला हें नांव नसेल, पण सालगडी होता व आहे. पाडव्यापासून पाडव्यापर्यंत त्याचा करार. ठरलेली रोकड, कांहीं धान्य, कपडे. आणि आरंभींच घेतलेली उचल. करार तोंडीं, हिशेब मालकाच्या वहींत किंवा मालकाच्या स्मरणांत. आजारांतील दिवस किती गेले, मुलीच्या लग्नाला किती नेले, हें सारें वर्षाअखेर वजा होऊन बाकी निघते, ती बहुधा गड्याकडेच निघते. अशा मनुष्यानें मजुरीचा दावा कोणत्या तोंडानें करावा? आणि करावयाचाच तर कोणत्या भाषेंत? १८८४ च्या सुमारास हैदराबादच्या दरबारांत फारसीची जागा उर्दूनें घेतली. जिंतूर-पाथरीकडील मराठी कुणब्याला किंवा मांगाला न्यायालयाची भाषा पूर्वींइतकीच परकी राहिली.

येथें एक गोष्ट न्यायानें सांगितली पाहिजे. मालक म्हणजे नेहमींच धनाढ्य असतो असें नाहीं. या भागांतील शेती पावसावर. ज्या वर्षीं पीक जातें त्या वर्षीं सालगड्याचा मालकही पतपेढीचा, बियाण्याच्या दुकानदाराचा व सावकाराचा देणेकरी असतो. परंतु देणीं फेडण्याचा क्रम पाहावा. बँकेपाशीं गहाणखत आहे, दुकानदारापाशीं चिठ्ठी आहे. गड्यापाशीं कांहीं नाहीं, म्हणून त्याचें देणें शेवटीं राहतें. त्याचा पैसा बुडतो तो दर वेळीं दुष्ट हेतूनेंच बुडतो असें नव्हे; तें सर्व देण्यांत अधिक पुराव्यावांचूनचें देणें आहे, म्हणून बुडतो.

हा पुराव्याचा व वसुलीचा प्रश्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं १९२८ सालीं मुंबई कायदे कौन्सिलांत महार वतनाच्या बिलाच्या निमित्तानें मांडला होता. महार काम सरकारचें करीत आणि त्यांचें वेतन मात्र बलुत्याच्या रूपानें गांवकऱ्यांच्या मर्जीवर सोडलेलें. गांव रुसला कीं बलुतें बंद. मग चाकरी करूनही हात रिकामे. बलुत्याचें रूपांतर रोख करांत करावें, तो सरकारनें शेतसाऱ्याबरोबर वसूल करावा व महारांस द्यावा, ही त्यांची सूचना होती. बिल पुढें परत घ्यावें लागलें. पण तत्त्व मोठें होतें. ज्याला मागण्याची ताकद नाहीं त्याच्यासाठीं, ज्याला कोणी नाहीं म्हणूं शकत नाहीं अशा सत्तेनें मागावें, हें तें तत्त्व. मजूरमंत्री या नात्यानें १९४६ सालीं त्यांनींच किमान वेतनाचें बिल मांडलें, व तें १९४८ सालीं कायदा झालें. १९३६ च्या कायद्यांत शेतमजुराला जागा नव्हती. या कायद्याच्या परिशिष्टांत शेतीचें नांव आलें.

१७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामी राजवट संपली. हळूहळू मध्यवर्ती कायदे येथेंही लागूं झाले. वेठबिगार रद्द करणारा वटहुकूम १९७५ सालीं निघाला व १९७६ सालीं त्याचा कायदा झाला. उचलीपोटीं माणूस बांधून ठेवणें गुन्हा ठरलें. १९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रानें रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हां खडी फोडणाऱ्या मजुराचा मालक खुद्द सरकार झालें. सरकारही मजुरी थकवूं शकतें, हा धडा त्यानंतर पुष्कळांना मिळाला. म्हणूनच २००५ च्या केंद्रीय कायद्यांत पंधरा दिवसांच्या आंत मजुरी न दिल्यास भरपाईची तरतूद करावी लागली. मध्यंतरीं सर्वोच्च न्यायालयानें दोन महत्त्वाचे निर्णय दिले. १९८२ सालीं एशियाड खेळांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणांत, किमान वेतनाहून कमी दामावर काम करून घेणें ही संविधानाच्या २३ व्या कलमाप्रमाणें वेठच आहे, असें ठरलें. १९८३ सालीं राजस्थानांतील दुष्काळी कामासंबंधीं, मदत म्हणून दिलेल्या कामावरही किमान वेतन कमी करतां येणार नाहीं, असें ठरलें. मजुरी हें आतां केवळ करारांतील देणें न राहतां मूलभूत हक्काच्या पायरीवर आलें.

आणि आतां चालू काळाकडे येऊं. २०१९ ची वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलांत आली व १९३६ आणि १९४८ चे दोन्ही जुने कायदे तिच्यांत विलीन झाले. आरंभीं सांगितलेल्या तीन गोष्टींच्या कसोटीवर ही संहिता लावून पाहिली, तर तिचें महत्त्व ध्यानांत येतें. दाव्याची मुदत तीन वर्षें झाली. मजुराचें येणें सावकाराच्या येण्याइतकें दीर्घायु झालें. वेतन मिळालें नाहीं असा अर्ज आला, तर तें दिलें हें सिद्ध करण्याचा भार मालकावर टाकला. अधिकाऱ्यानें तीन महिन्यांत निकाल देण्याचा प्रयत्न करावा, दहापटीपर्यंत भरपाई देववावी, आणि मालकानें तरीही पैसे न दिले तर जिल्हाधिकाऱ्याकडे दाखला पाठवावा. जिल्हाधिकाऱ्यानें ती रक्कम जमीन-महसुलाच्या थकबाकीप्रमाणें वसूल करावी. १९२८ सालीं जें तत्त्व कौन्सिलांतून परत फिरलें, तें जवळजवळ शतकानें असें मागील दारानें घरांत आलें.

परंतु याच संहितेंत एक लहानसें पोटकलम आहे. त्याकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. मालकानें मजुरांची नोंदवही ठेवावी व वेतनाची चिठ्ठी द्यावी, हा सर्वसाधारण नियम. मात्र शेतीसाठीं किंवा घरकामासाठीं पांचांहून अधिक माणसें न ठेवणाऱ्या मालकास त्यांतून सूट आहे. निरीक्षकानें मागितल्यास मजुरी दिल्याचा वाजवी पुरावा दाखविला म्हणजे झालें. सूट देण्याचें कारण समजण्यासारखें आहे. दोन एकरांच्या शेतकऱ्याला किंवा गृहिणीला दफ्तर ठेवावयास लावणें अवघड. पण ही सूट नेमकी कोणाच्या वाट्याला आली? सालगड्याच्या आणि मोलकरणीच्या. म्हणजे १९०८ च्या कायद्यानें ज्यांना एका वर्षाची मुदत दिली होती त्यांच्याच. सिद्ध करण्याचा भार मालकावर आहे खरा, परंतु तो भार दावा दाखल झाल्यावर पडतो. आणि किती दिवस भरले, किती ठरले होते, हें सांगणारा कागदाचा कपटाही ज्याच्यापाशीं नाहीं, तो दाव्यापर्यंत पोंचणार कसा? गंगाखेड, सोनपेठकडून ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्यांची गोष्ट तर याहून बिकट. त्यांचा मालक कोण, मुकादम कीं कारखाना, हाच वाद प्रथम उभा राहतो; आणि उचल घेतलेली असल्यामुळें हिशेबाच्या आरंभींच तीं ऋणको ठरलेलीं असतात. १८५९ चा कायदा जाऊन शंभर वर्षें झालीं, तरी त्या कायद्यामागची समजूत अजून मुकादमाच्या वहींत जिवंत आहे.

आपण शिक्षित कुटुंबांतील माणसें या प्रश्नाकडे गिरणीमालक व मजूर यांचें भांडण म्हणून तटस्थपणें पाहतों. परंतु वरील सूट आपल्या स्वयंपाकघरापर्यंत आलेली आहे. घरांत धुणें-भांडीं करणाऱ्या बाईचे खाडे किती धरले, दिवाळीचे पैसे कशांत वळते केले, गांवीं गेल्या तेव्हांचा अर्धा महिना दिला कीं नाहीं, याचा लेखी हिशेब किती घरांत सांपडेल? गांवाकडची शेती सालगड्यावर सोंपवून शहरांत राहणारेही आपल्यांत पुष्कळ आहेत. कायद्यानें वही ठेवण्याची सक्ति केली नाहीं, म्हणून ती ठेवूं नये असें नाहीं. दोन प्रतींत लिहिलेलें एक साधें पान, एक आपल्यापाशीं व एक तिच्यापाशीं, एवढ्यानें न्यायाचा अर्धा रस्ता कापला जातो.

उरलेला अर्धा रस्ता तहशील कचेरींतून जातो. या देशांत अनेक राजवटी आल्या व गेल्या. शेतसारा वसूल करण्याची यंत्रणा मात्र कोणाच्याही हातून कधीं ढिली पडली नाहीं. जप्ती, लिलाव, तगादा यांची तिला शेंकडों वर्षांची संवय आहे. त्याच यंत्रणेला आतां सांगितलें आहे कीं, ज्याच्याकडून आजवर तूं घेत आलीस, त्याच्याचसाठीं आतां दुसऱ्याकडून घे. परभणीच्या तहशिलींत एखाद्या मजुराच्या चार हजार रुपयांचा दाखला येईल, तेव्हां तो सरकारच्या बाकीइतक्याच तत्परतेनें हातीं घेतला जातो कीं टेबलाच्या खणांत पडून राहतो, यावरच या कायद्याची किंमत ठरेल.